एका खुर्चीपुरतं समूहगान

तीर्थरूप दादास,

धाकटीचा नमस्कार, तोही खुर्चीत बसूनच, कारण वाकले तर मांडीवरचा कॉम्प्युटर खाली येईल. (पाया पडल्याचं समजून घे. मागच्या खेपेला खरोखर वाकले होते तेव्हा मला उठवायला तुलाच हात द्यावा लागला आणि तुझाच गुडघा लचकला. त्यापेक्षा हे बरं.)

गुडघा कसा आहे? झोप लागते का? कानाचं काय म्हणाले डॉक्टर? भाचीला फोन केला की ती एका दमात सगळं सांगते: बाबा बरे आहेत, जेवतात, पेपर वाचतात, कोपऱ्यापर्यंत फिरून येतात आणि तबल्याला हात लावत नाहीत. तिच्याकडे राहायला गेल्यापासून एकदाही नाही म्हणे. तबला-डग्गा चादरीत बांधून कपाटावर टाकलायस आणि कोणी विचारलं तर म्हणतोस, साथ करायला समोर माणूस लागतो, भिंतीला काय साथ करू? यावर मी काही बोलणार नाही. हे पत्र त्यासाठी नाहीच मुळी. निव्वळ मजा कळवायला लिहिते आहे, कारण दादा, इथे असं काही घडलंय की कोणाला सांगू आणि कोणाला नको असं झालंय मला!

आता पहिल्यापासून सांगते. (मधून मधून भरकटेन. समोर असलास की तिसऱ्या वाक्याला तू "मुद्द्यावर ये" म्हणतोस. पत्रात तुला तसं म्हणता येत नाही, हा पत्राचा केवढा फायदा!) आपला गाण्याचा क्लास ज्याच्या दुकानाच्या वर आहे त्या चष्मेवाल्यानं एके सकाळी लाकडी जिना काढायला घेतला. नवा लोखंडी बसवायचा म्हणे. आधी विचारायचं, सांगायचं? छे! मी वर हार्मोनियम पुसत बसले होते आणि खाली माझा जिना निघत होता. मग मला शिडीवरून उतरवलं आणि हार्मोनियमला दोरीनं. दुकानात नंबर तपासायला आलेली माणसं भिंतीवरची अक्षरं वाचायची सोडून माझ्याकडे बघत होती, आणि त्यातल्या एका आजोबांना मी चष्म्याशिवाय स्पष्ट दिसले म्हणून त्यांनी नंबर न घेताच घर गाठलं. नवा जिना आज होतो, उद्या होतो करत महिने उलटले. लोहार आला की वेल्डिंगवाला नाही, वेल्डिंगवाला आला की वीज नाही. इकडे वाचनालयाच्या वर्धापनदिनाला आपलं समूहगान ठरलेलं. तेच, नावेचं गाणं, ज्याचा ठेका तू बांधून दिलास. क्लास बंद ठेवून चालणार कसं? शेवटी चष्मेवाल्यालाच पश्चात्ताप झाला असावा. त्यानं आपला कॉम्प्युटर उचलून माझ्या घरी पुढच्या खोलीत आणून मांडला आणि म्हणाला, बाई, हल्ली जग यावरच शिकतं, तुम्ही यावरच शिकवा.

आणि दादा, मी शिकवलं! मी! जिला दारावरची नवी बेल वाजवता येत नव्हती, ती मी इंटरनेटवरून गाणं शिकवते! सकाळी एक बटण दाबलं की पडद्यावर चार चौकटी उघडतात आणि त्यात तुझीच सगळी मंडळी. एकीत हेडमास्तर, म्हणजे त्यांचं कपाळ, कारण फोन कुठे धरायचा ते त्यांना अजून कळलेलं नाही. दुसरीत दातांची डॉक्टरीण, तिच्या दवाखान्यातून. तिसरीत त्या दोघी जावा एका फोनपुढे गालाला गाल लावून. (एरवी एका स्वयंपाकघरात मावत नाहीत, एका चौकटीत मात्र मावल्या.) आणि चौथीत बेकरीवाला, मागे भट्टी, भुवयांवर मैदा. मला तर पहिले आठ दिवस त्यांना नुसतं बघूनच हसू यायचं.

पहिल्या सकाळी मी डोळे मिटून सा लावला. मोकळा, लांब, स्वच्छ. तुला माहीत आहे माझा सा. डोळे उघडले तर चारही चौकटींतले लोक कान पुढे करून बसलेले, आणि हेडमास्तरांचं कपाळ विचारतंय, सुरू कधी करताय? पुन्हा लावला. पुन्हा तेच! चष्मेवाल्याला बोलावणं धाडलं तेव्हा उलगडा झाला. हे यंत्र म्हणे माणसाचं बोलणं तेवढं पुढे पाठवतं, आणि पंखा, मिक्सर, पाण्याची मोटार असे एकसारखे घुमणारे आवाज कचरा समजून पुसून टाकतं. मी खोकले की खोकला पोचायचा. "अगं बाई" म्हटलं की तेही पोचायचं. सा तेवढा पुसला जायचा! उभा जन्म घासून सूर स्थिर केला, तो इतका स्थिर झाला की यंत्राला वाटलं पाणी चढतंय. हा अपमान समजायचा की कौतुक, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. बेकरीवाल्याचा सूर हलतो ना, तो मात्र अगदी सुखरूप पोचायचा. शेवटी ती पुसायची सोय बंद करण्याचं बटण सापडलं आणि माझी मोटार एकदाची चालू झाली.

डॉक्टरीण दोन पेशंटच्या मधल्या वेळात गाते हे सांगितलं का? एकदा मी सगळ्यांना आकार लावायला सांगितला आणि त्यात एक नवाच आवाज मिसळला. खर्जातला, भरदार, जरासुद्धा न थरथरणारा! मला आनंदानं राहवेना. म्हटलं, शाब्बास, हा कोण, असाच ठेवा, तोंड आणखी उघडा! तर तो तिचा पेशंट निघाला. दाढ बधिर व्हायची वाट बघत खुर्चीत आ करून पडलेला बिचारा, आणि मी सांगेन तसं तोंड आणखी आणखी उघडत होता. (दाढ निघाल्यावर त्यानं क्लासची चौकशी केली असं वाटतं. जीभ इतकी जड झाली होती की नक्की काय म्हणाला कोणाला कळलं नाही.) आणि हेडमास्तरांनी तर सूर मोजायचा काटाच फोनवर उतरवून घेतला. सूर बरोबर लागला की हिरवा दिवा, चुकला की तांबडा. तेव्हापासून ते दिव्याकडे बघून गातात. एकदा असा सुंदर पंचम लागला त्यांना, आणि चेहरा बघते तर रडवेला. विचारलं, काय झालं? तो काटा बंद पडला होता, त्यामुळे आपण बरोबर गातोय हे त्यांना कळायला मार्गच नव्हता.

पण ही सगळी किरकोळ भानगड. घोडं पेंड खात होतं ते वेगळ्याच ठिकाणी. तुझ्या जागी मी कॉम्प्युटरमधला तबला लावते. (रागावू नकोस. त्याला चहा लागत नाही, एवढाच त्याचा गुण.) तो ठेका सुरू केला, हात करून इशारा दिला, आणि सगळे मागे! एकजात मागे! सम येऊन, बसून, कंटाळून निघून गेली की ही मंडळी उगवायची. तुला माझी जीभ माहीत आहे. म्हटलं, झोपेत आहात का, आधी उचला! हेडमास्तर म्हणाले, अहो आम्ही ठेक्यावरच आहोत. म्हटलं, ठेका इथे माझ्या नाकासमोर वाजतोय आणि तुम्ही मलाच सांगताय? नाचता येईना अंगण वाकडं! मग एकेकाला वेगळं धरलं. हेडमास्तर सगळ्यांत मागे, म्हणून त्यांना सांगितलं की ठेक्याच्या चांगलं पुढे निघा. जावांना त्याहून जरा कमी पुढे. डॉक्टरणीला आणखी कमी. बेकरीत इंटरनेटची नवी लाइन आहे, बेकरीवाला जवळपास वेळेवर यायचा, त्याला म्हटलं, तू किंचित. आणि सगळ्यांना बजावलं की एकमेकांचं अजिबात ऐकायचं नाही. शेजारी कडाक्याचं भांडण चाललंय आणि आपल्याला ऐकूच येत नाही, असा चेहरा करून गायचं. बिचाऱ्यांनी केलं रे सगळं! रोज सकाळी, मुकाट्यानं, माझ्या शिव्या खात.

आणि एक दिवस गाणं जुळलं. दादा, काय सांगू तुला! चार चौकटींतले पाच गळे आणि समेवर एकच पाऊल! इतके एकत्र तर ते वरच्या खोलीत, तू असतानाही, कधी आले नव्हते. माझ्या अंगावर काटा आला. मी तशीच रस्ता ओलांडून गेले, चष्मेवाल्याला दंडाला धरून आणलं आणि माझ्या खुर्चीत बसवून ऐकवलं. तो हातात गिऱ्हाइकाचा चष्मा घेऊनच आला होता, तो तसाच धरून शेवटपर्यंत ऐकत राहिला. (गिऱ्हाईक तिकडे दुकानात चाचपडत बसलेलं.) गाणं संपल्यावर म्हणाला, बाई, जिना नाही झाला तरी चालेल. मी हसले, पण माझे डोळे भरून आले होते. तुला लगेच फोन लावला होता, आठवतं? तू म्हणालास, छान, आणि गुडघ्याचं सांगत बसलास.

मग एकदाचा तो जिना झाला. सगळे वर जमले, नवे कपडे काय, एकमेकांना प्रत्यक्ष बघून गळाभेटी काय, बेकरीवाल्यानं खारी आणलेली. मी ठेका लावला आणि हात वर केला. अजून खालीसुद्धा आणला नव्हता, तोवर हेडमास्तर निघाले! नाव पाण्यात ढकलायच्या आधी हे गृहस्थ पलीकडच्या तीरावर. त्यांच्या पाठोपाठ जावा, मग डॉक्टरीण, मग बेकरीवाला, किंचित. एका गाण्यात सम चार वेळा आली, आणि ठेक्याची पाचवी, तिला कोणी विचारलंच नाही. थांबवलं. पुन्हा लावलं. पुन्हा तसंच! असा कल्ला झाला की खालून चष्मेवाला विचारायला आला, जिना मोडला का? मग जे भांडण जुंपलं ते काही विचारू नकोस. जो तो म्हणतो, मी बाईंनी सांगितलं तेवढाच पुढे होतो, दुसरेच चुकले. जावा एकमेकींवर डाफरल्या, आणि गंमत म्हणजे त्या दोघीच तेवढ्या एकत्र गात होत्या. मी कपाळाला हात लावला. हार्मोनियमचा भाता असा आपटला की त्यातून आपोआप एक कोमल रिषभ निघाला. सगळ्यांना घरी पाठवलं. वर्धापनदिन तोंडावर आलेला आणि माझ्या हातात हा असा चिवडा!

पण दादा, मीही तुझीच बहीण. कुठे बिघडलं ते बघावं म्हणून दुपारी सगळ्यांना पुन्हा आपापल्या ठिकाणाहून कॉम्प्युटरवर बसवलं. आणि गाणं निर्दोष! एका केसाची चूक नाही! माझं डोकं चालेना. वरच्या खोलीत भूत आहे की काय असंसुद्धा मनात आलं, खोटं कशाला बोलू. मग चहा करायला उठले तेव्हा चुकून माझ्या फोनवरूनही त्याच क्लासात शिरले. (दोन ठिकाणाहून एकाच वेळी हजर राहता येतं, हे तुला माहीत होतं का? मला नव्हतं.) फोन ओट्यावर, कॉम्प्युटर पुढच्या खोलीत, तोंड स्वयंपाकघराच्या उघड्या दाराकडे. मी टाळी वाजवली. जरा वेळानं फोनमधल्या बाईनं टाळी वाजवली. पुन्हा वाजवली, ती पुन्हा मागाहून. मी मान हलवली, ती सावकाश हलवते. एवढी आळशी बाई मी आयुष्यात पाहिली नव्हती, आणि ती मीच होते! चहा उतू गेला, ओटा भरला, मी तशीच टाळ्या वाजवत उभी. आणि लख्खकन डोक्यात उजेड पडला.

आवाजाला जायला वेळ लागतो आणि यायलाही लागतो. कोणी मागे पडतच नव्हतं! माझा ठेका हेडमास्तरांकडे उशिरा पोचायचा, त्यांचं गाणं माझ्याकडे आणखी उशिरा यायचं, आणि मी शिव्या घालून घालून त्यांना बरोबर तेवढंच आधी निघायला शिकवलं होतं. लग्नाला जाताना ज्याचं घर लांब तो आधी निघतो, तसं. ज्याची लाइन जितकी रडकी, तो तितका आधी निघाला आणि सगळे एकाच वेळी मांडवात पोचले. पण मांडव कुठे? तर फक्त माझ्या कॉम्प्युटरपुढे! म्हणजे बघ, हे गाणं अख्ख्या जगात एकाच खुर्चीत जुळतं. बाकी कुठेही बसून ऐक, कालवा. त्या पाच जणांनी आजवर ते जुळलेलं एकदाही ऐकलेलं नाही. त्यांना ऐकू यायचा तो आपला सूर, पुढे पळालेला, आणि भोवती गोंधळ. तरी रोज गात राहिले, बाई म्हणतात ना बरोबर आहे, म्हणजे असेल. हे कळलं तेव्हा मला आधी हसू आलं आणि मग मी ओटा पुसायला घेतला. असं कोणी कुठे शिकवलं असेल का रे? आपल्याच कानांना खोटं वाटेल असं गायचं, दुसऱ्याच्या कानात खरं व्हावं म्हणून! आता मला कोणी कॉम्प्युटरला नावं ठेवून दाखवावं.

असो. वर्धापनदिनाचं म्हणशील तर तो सध्या लांबला आहे. वाचनालयाच्या सभागृहाला रंग द्यायला काढलाय म्हणे. बरंच झालं.

भाचीला आशीर्वाद, जावईबापूंना नमस्कार. गुडघ्याला जप, थंड फरशीवर बसू नकोस. इथे सगळं ठीक आहे आणि मला काही म्हणजे काही नको आहे.

तुझी धाकटी

ता. क. सभागृहाला रंगबिंग काही नाही. मीच त्यांना नाही म्हणून कळवलं. ग्रंथपालबाई म्हणाल्या, अहो पंधरवडाभर एका खोलीत बसून गा, सगळं सुधारेल. सुधारेल ना! त्याचीच तर भीती आहे. एकत्र गायला लागले की ती आधी निघायची सवय मोडणार, आणि ती मला मोडायची नाही. पाचही जणांना सरळ विचारलं, तुम्हाला रंगमंच पाहिजे की हे? हेडमास्तरांनी कार्यक्रमासाठी नवा कोट शिवला होता. "हे"साठी पहिला हात त्यांनी वर केला, पडद्यावर कपाळाच्या वर एकदम पंजा आला.

आणखी ता. क. "हे" म्हणजे तू. समोर माणूस लागतो म्हणतोस ना? घे, पाच देते. सकाळी भाची कामाला जायच्या आधी तुझ्यापुढे कॉम्प्युटर लावून देईल. (तिच्याशी बोलणं झालंय. तबला तिनं कपाटावरून उतरवून पुसून ठेवलाय, तू स्टुलावर चढायला जाऊ नकोस.) तू नावेच्या गाण्याचा ठेका धरायचास आणि ही मंडळी तुझ्या खुर्चीच्या हिशेबानं आधी निघायला शिकतील. तुझं गाव पडलं लांब, हेडमास्तरांना बहुतेक आदल्या दिवशीच निघावं लागेल. यंत्रातला तबला यात उपयोगाचा नाही, तो माझ्याच घरी बसलाय. तू तिथे वाजवल्याशिवाय त्यांना शिकता येणार नाही, म्हणून रोज वाजवावं लागेल. आणि एक अट आहे. तुझी खोड मला ठाऊक आहे. गाणारा चुकला की तू कणभर थांबतोस, त्याला हळूच समेवर आणून सोडतोस, आणि टाळ्या तो घेऊन जातो. जन्मभर हेच केलंस. माझ्यासाठीही किती वेळा केलंस आणि घरी येऊन कधी चकार शब्द काढला नाहीस. इथे ते करायचं नाही. तू आमच्यासाठी थांबलास की सगळे बुडालो. तू फक्त सरळ वाजव. या वेळी तुला आम्ही सांभाळून घेतो.

शेवटचा ता. क. ज्या दिवशी हे जमेल त्या दिवशी मी इथे बसून ऐकेन तो नुसता कालवा असेल, आणि त्या पाच जणांना तर नेहमीसारखाच. गाणं जुळेल ते तुझ्यापुढे, इतर कुठेच नाही. तेव्हा संपल्यावर तुझ्या सवयीप्रमाणे गप्प बसून राहू नकोस, दादा. कसं झालं ते सांग. आमच्यातल्या कोणालाच कळलेलं नसेल.